११ महिन्यांच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन, आणि रिपोर्टात ‘रक्त उशिरा गोठतं’ आलंय. कुणी सांगेल का?

देवगड_वाडी

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगा ११ महिन्यांचा, वजन ७ किलो, ग्रुप बी पॉझिटिव्ह. चार महिन्यांचा असताना रडला की ओठ आणि नखं जांभळी पडायला लागली. अंगणवाडीत शासनाच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर आले होते. त्यांनी नळी लावून तपासलं, मग काही न बोलता परत एकदा तपासलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला पाठवलं, तिथून मुंबईला. टेट्रालॉजी ऑफ फॅलो निघालं. हृदयाच्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. येण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या जवळपास करून रिपोर्ट पाठवा म्हणाले, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एका लॅबमध्ये केल्या. रक्त गोठायला लागणारा वेळ, पीटी १९ सेकंद, एपीटीटी ५८ सेकंद, समोर लाल खूण. लॅबमधल्या माणसाने फोनवर सरळ सांगितलं, “ह्याचं रक्त गोठतच नाही, ऑपरेशनच्या फंदात पडू नका.” तोच रिपोर्ट मुंबईला पाठवला आणि तारीख पुढे गेली. ह्यांचं ट्रॉलरवर काम. भर सीझनमध्ये तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडून, सुट्टी मागून घेतली होती, ती फुकट गेली. ते जाऊ दे. पण घरात आता वेगळंच सुरू झालंय. सासूबाई रोज विचारतात, “रगात थांबला नाय तर काय करतलंस?” माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक. मुंबईच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी समजावताना सांगितलं होतं की ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध देणार आणि नंतर गोठावं म्हणून दुसरं देणार. ज्याचं मुळातच गोठत नाही त्याला न गोठण्याचं औषध कशाला? फॉर्मवर माशांची ॲलर्जी आहे का असंही विचारलंय, त्याचाही संबंध कळला नाही. हे तर म्हणतात, “माझा सगळा रगात घेवा, पण त्याचा करा.” ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

पंपावरचा_वेंगुर्लेकर

ताई, मी वेंगुर्ल्याचा. १७ वर्षं मुंबईत पर्फ्यूजनिस्ट आहे, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन चालवतो. आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. त्याच रिपोर्टात वर हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के) असं छापलेलं असेल. ते दोन आकडे आणि प्लेटलेट किती ते लिहा. तोवर काळजी करू नका. मला अंदाज आलाय.

देवगड_वाडी

हिमोग्लोबिन १९.८, पीसीव्ही ६१, प्लेटलेट १ लाख २८ हजार.

पंपावरचा_वेंगुर्लेकर

हेच वाटलं होतं. ड्युटी संपवून लोकलमध्ये बसलोय, सविस्तर लिहितो.

आधी रिपोर्टचं. गोठण्याच्या तपासणीचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत ०.३ मिली सायट्रेट आधीच असतं, त्यात खुणेपर्यंत २.७ मिली रक्त भरायचं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीत गुठळी होत नाही. मग लॅबमध्ये मोजून कॅल्शियम परत घालतात आणि किती सेकंदांत गुठळी धरते ते बघतात. हे माप ठरवलंय ते ज्याच्या रक्तात अर्ध्याहून अधिक प्लाझ्मा, म्हणजे पाणीदार भाग, आहे अशा माणसासाठी. तुमच्या बाळाच्या १०० मिली रक्तात ६१ मिली लाल पेशीच आहेत, प्लाझ्मा उरला ३९. अंगाला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीराने लाल पेशी वाढवून ठेवल्यात. सायट्रेट राहतं प्लाझ्मात. प्लाझ्मा कमी आणि सायट्रेट मात्र तेवढंच, म्हणून वरून घातलेलं कॅल्शियम ते जास्तीचं सायट्रेटच गिळून टाकतं आणि गुठळी उशिरा धरते. हे होतं नळीत. बाळाच्या अंगात नाही.

पीसीव्ही ५५ च्या वर असेल तर नळीतलं सायट्रेट कमी करूनच ही तपासणी करायची असते. ६१ ला हिशेबाने सुमारे ०.२ मिली पुरतं. म्हणजे नळीतून ०.१ मिली काढून टाकायचं. दोन थेंब, ताई. तुमची तारीख बहुतेक ह्या दोन थेंबांपायी गेली. त्या माणसाच्या हातातल्या कागदावरच पीसीव्ही छापला होता. तो बघायला हवा होता, आणि ऑपरेशन करू नका हे आईला फोनवर सांगणं त्याचं काम नव्हतं. मला हे वाचून फार वाईट वाटलं. पुढची तपासणी ऑपरेशन होणाऱ्या हॉस्पिटलातच करून घ्या आणि सुई टोचण्याआधी सांगा: पीसीव्ही ६१ आहे, सायट्रेट कमी केलेली नळी हवी.

म्हणजे बाळाला रक्तस्रावाचा धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. खोटा दिलासा मला देता येत नाही. निळसर मुलांच्या प्लेटलेट संख्येनेही थोड्या कमी असतात आणि कामालाही मंद. पण त्याहून मोठी गोष्ट मापाची आहे. ७ किलोच्या बाळात रक्त असतं किलोमागे साधारण ८० मिली, म्हणजे ५६० मिली. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा थोडंसंच जास्त. त्यात प्लाझ्मा सुमारे २२० मिली, आणि गोठवणारी सगळी प्रथिनं त्याच २२० मिलीत. माझा पंप रिकामा सुरू करता येत नाही, त्याच्या नळ्या आधी भरून, बुडबुडा न् बुडबुडा टिचकी मारून काढावा लागतो. लहान बाळाचा संच घेतला तरी ३०० मिलीच्या आसपास द्रव लागतो. २२० मध्ये ३०० मिसळले की गोठवणारी प्रथिनं निम्म्याहून खाली आली. मोठ्या माणसात ५ लिटर रक्त असतं, त्याला हे फारसं जाणवत नाही. म्हणून बाळांच्या पंपात नुसतं सलाइन भरून भागत नाही, गरजेप्रमाणे प्लाझ्मा घालतात, रक्त घालतात. आणि बाळ पंपावरून सुटल्यावर त्याचं रक्त एका फिल्टरमधून फिरवून जास्तीचं पाणी बाहेर काढतात. ही रीत लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये मांडली. फिल्टरच्या दुसऱ्या टोकाने पिवळसर पाणी ठिबकायला लागलं आणि इकडे रक्ताचा रंग दाट होत गेला की मला अजूनही बरं वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, की न गोठण्याचं औषध कशाला. रक्ताला प्लास्टिक परकं. नळीला लागलं की ते जखम झाल्यासारखं गोठायला धावतं. हेपरिन, म्हणजे ते न गोठण्याचं औषध, न देता पंप सुरू केला तर काही मिनिटांत सगळं थिजेल, आणि त्यातली एखादी गुठळी मेंदूत जाईल. म्हणून बाळाचं रक्त कसंही असो, हेपरिन द्यावंच लागतं. किलोमागे ३०० ते ४०० युनिट, तुमच्या बाळाला जास्तीत जास्त २८०० धरा. दिल्यावर तीनेक मिनिटांनी थोडं रक्त एका छोट्या नळीत घेऊन मशीनमध्ये ठेवतो. त्याला एसीटी म्हणतात. एरवी दोन मिनिटांच्या आसपास गोठणारं रक्त आता ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं, गोठता कामा नये. ती आठ मिनिटं थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. ४८० ओलांडल्यावर मी आकडा मोठ्याने सांगतो आणि मगच पंप सुरू होतो, समोर सर्जन कितीही मोठे असोत. नंतर दर अर्ध्या तासाने परत तीच तपासणी.

काम झालं, हृदय स्वतः चालायला लागलं, पंप सुटला, की हेपरिन उतरवायला प्रोटामाइन. माशांचा प्रश्न इथला. प्रोटामाइन मूळचं सामन माशाच्या नराकडून आलंय. आपण मासा साफ करताना मादीच्या पोटात गाभोळी मिळते, तशी नराच्या पोटात पांढरी मऊ पिशवी निघते ना, त्यातलं प्रथिन. (रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात, पण तो हा मासा नव्हे.) ज्याला माशांची खरोखरची ॲलर्जी आहे त्याला हे औषध देताना भूलतज्ज्ञ जास्त सावध राहतात, म्हणून विचारतात. औषध शिरेतून अगदी हळू सोडतात, कारण भसकन दिलं तर बीपी कोसळू शकतं. भूलतज्ज्ञ म्हणतात “प्रोटामाइन सुरू”, मी उलट म्हणतो “सकर बंद”. जखमेतलं रक्त ओढून पंपात परत आणणारी नळी त्या क्षणापासून बंद ठेवायची. एक थेंब प्रोटामाइन पंपात आलं आणि परत पंपावर जायची वेळ आली, तर पंपातलं रक्त थिजलेलं असेल. १७ वर्षांत ते दोन शब्द एकदाही चुकवलेले नाहीत.

त्यानंतरही झिरपत राहिलं तर प्लेटलेट देतात. गुठळी धरायला लागणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, कमी असेल तर क्रायो, म्हणजे ते प्रथिन भरपूर असलेला प्लाझ्माचा भाग. धरलेली गुठळी विरघळू नये म्हणून ट्रानेक्झॅमिक ॲसिड बहुतेक ठिकाणी आधीपासूनच चालू असतं. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर देतात तेच औषध.

आणि दादांना सांगा, त्यांच्या मनात आलंय ते एकेकाळी खरंच झालंय. १९५४-५५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला डॉ. लिलेहाय यांनी आईला किंवा बापाला शेजारच्या टेबलावर झोपवून त्यांचं रक्ताभिसरण मुलाला जोडलं आणि मुलाचं हृदय उघडून दुरुस्त केलं. अशा ४५ जणांवर ऑपरेशनं झाली. बापाचं हृदय आणि फुप्फुस हाच पंप होता. आता ते माझं काम. दादांनी बाहेर थांबायचं.

दापोलीकरीण

वरचं सगळं दोनदा वाचलं. माझ्या लेकीच्या वेळी कुणी इतकं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

तिलाही हेच होतं. दोन महिन्यांची असताना शंट, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी छोटी नळी, बसवला, दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण ऑपरेशन. शंट गोठून बंद पडू नये म्हणून मधली दोन वर्षं रोज ॲस्पिरिनचा तुकडा पाण्यात विरघळवून द्यायचे. तेव्हा मलाही हाच गोंधळ, की रक्त दाट म्हणून ॲस्पिरिन आणि रक्त थांबत नाही म्हणून भीती. दोन्ही खरं असतं. एक मात्र पक्कं धरा: बाळाला उलट्या-जुलाब झाले, ताप आला, दूध सोडलं, तर घरी थांबू नका. अंगातलं पाणी कमी झालं की हे दाट रक्त आणखी दाट होतं आणि मेंदूत गुठळी व्हायची भीती असते. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतील, तेव्हा सलाइन कधी लावणार हे विचारून घ्या. आम्हाला आधीचं ऑपरेशन लांबलं म्हणून बराच वेळ थांबावं लागलं होतं, आणि मी विचारल्यावर मग लावलं.

आता दुसरी गोष्ट. ही घाबरवायला सांगत नाही. ऑपरेशननंतर छातीतून नळ्या बाहेर काढलेल्या असतात, त्यांना ड्रेन म्हणतात. खाली बाटली, बाटलीवर पट्टी. सिस्टर दर तासाला पेनाने रेघ मारून वेळ लिहायची. मला काचेतून दिसायचं. पहिल्या तासाला ४०, मग २५, मग २०. रेघा जवळ जवळ यायला लागल्या तसा माझा जीव खाली बसत गेला. रात्री एकच्या रेघेनंतर काहीच वाढलं नाही. मी तिथेच भिंतीला टेकून देवाला हात जोडले, रक्त थांबलं म्हणून.

सिस्टरने बघितलं आणि ती धावली. नळी दोन बोटांत दाबून खाली ओढत गेली, परत वरून, परत. लेकीच्या हाताचा रंग राखाडी झाला होता. मॉनिटरवर ठोके वाढत चालले होते, बीपी उतरत होतं. रक्त थांबलंच नव्हतं. नळीत गुठळी अडकली होती आणि रक्त आत हृदयाभोवती साचून त्याला दाबत होतं. वीस मिनिटांत परत आत नेलं, छाती उघडली, गुठळी काढली. पहाटे बाहेर आली तेव्हा बोटं गुलाबी होती. त्या सिस्टरचे हात मी अजून विसरले नाही.

आज लेक नऊ वर्षांची आहे, हर्णैच्या उतारावर सायकल दामटते आणि मीच ओरडते.

सांगायचं इतकंच, की बाटलीकडे बघून आपण निष्कर्ष काढायचा नाही. कमी आलं, जास्त आलं, एकदम थांबलं, जे दिसेल ते सिस्टरला विचारा. मी आनंदात गप्प बसले होते.

रक्तपेढी_रत्नागिरी

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. दादांनी “माझं रक्त घ्या” म्हटलंय त्याबद्दल. आई-बाप, भाऊ-बहीण यांचं रक्त थेट बाळाला द्यायचा हट्ट धरू नका. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या म्हणून ओळखता येत नाहीत. त्या आत राहून बाळाच्याच शरीरावर उलटू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर वाचवणं फार कठीण. द्यायचंच झालं तर रक्तावर रेडिएशन करून देतात. त्यापेक्षा दादांनी रक्तपेढीत रक्तदान करावं आणि बाळाला दुसऱ्या कुणाचं मिळावं, हे बरं.

प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवतात आणि पाचच दिवस टिकतात. म्हणून गावाहून दहा जण एकाच दिवशी आणून उपयोग नसतो. रक्तपेढीला विचारा, कुणी कधी यायचं. प्लेटलेट देणाऱ्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळीसुद्धा सांगायची. आणि रात्रभर गाडीत उभं राहून आलेल्या माणसाला थेट रक्तपेढीत उभं करू नका. आम्ही त्याला परत पाठवतो आणि मग नातेवाईक रागावतात. एक झोप होऊ दे, पोटभर जेवू दे.

देवगड_वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितेय, मुंबईला जाऊन आलो.

दादा, तुम्ही सांगितलं तसंच्या तसं काउंटरवर सांगितलं. आधी त्या मुलीने माझ्याकडे नुसतं बघितलं, मग आतून एका सरांना बोलावून आणलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, पीसीव्हीवर बोट ठेवलं आणि स्वतः नळी तयार करून दिली. सिरिंजने त्यातलं थोडं पाणी काढताना मी बघितलं, खरंच दोन थेंब. संध्याकाळी रिपोर्ट आला. एपीटीटी ३६, कंट्रोल (तुलनेसाठी निरोगी रक्ताचा आकडा) ३१. सर म्हणाले, हे चालेल. पुढच्या महिन्याची १९ तारीख दिली आहे.

भूलतज्ज्ञ मॅडमना माशांचं सांगितलं. बाळ मुडदुशाचा काटा काढलेला मासा भातात कालवून खातो, कधी अंगावर उठलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. प्रोटामाइन किती वेळात देता असं विचारलं तर त्या थांबल्याच, म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं? दहा मिनिटं लावतो म्हणाल्या. सलाइनचंही विचारलं, उपास सुरू झाला की लावणार आहेत.

घरी येऊन सासूबाईंना चुलीपाशी बसून सगळं समजावलं. आधी गोठू द्यायचं नाही आणि काम झाल्यावर गोठवायचं, हे त्यांना दही लावण्यासारखं वाटलं. “वेळ तेंका कळता मगे?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून रगाताचं परत काढलेलं नाही.

आता दात्यांचं. हे स्वतः रक्तदान करतीलच. दीर आणि त्यांचे दोन मित्र १७ ला येऊन घाटकोपरला राहणार, म्हणजे झोप होईल. आणखी दोन दाते मुंबईतलेच असतील तर बरं, असं रक्तपेढीने सांगितलंय. आमची १७ च्या रात्रीच्या कोकणकन्येची कणकवलीहून तिकिटं कन्फर्म झाली आहेत.

पंपावरचा_वेंगुर्लेकर

३६ वाचून फार बरं वाटलं. मी बी पॉझिटिव्ह आहे आणि शेवटचं रक्त दिलं त्याला पाच महिने होऊन गेलेत. कुठल्या रक्तपेढीत, किती वाजता यायचं ते मेसेज करा. आमच्या डिपार्टमेंटमधला कुडाळचा एक मुलगाही येईल, त्याला आत्ताच विचारलं.